चुडामण आणि टोपलीवाल्यांचा डोंगर

चुडामण पाटील एटीएमच्या यंत्रात कार्ड घालण्याआधी कार्डावर फुंकर मारतो. हळूच, लाजत वगैरे नाही. गाल फुगवून, डावीकडून उजवीकडे, अख्खी. मागं रांगेत उभी असलेली माणसं बघत राहतात. एकदा तिथल्या वॉचमननं विचारलं, "काय भो, मंतर घाली ऱ्हायना का?" त्यावर चुडामण म्हणाला, "धूळ ऱ्हास आतमा. कंपनीले काय समजस?"

आमच्या वयाच्या माणसाला ही फुंकर लगेच ओळखू येते. आम्ही शाळेत होतो तेव्हा टीव्हीला जोडायचे गेम असत. त्यात कॅसेट घालावी लागे, आणि कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत घालायची. दुसरा इलाज नव्हता. बाकीच्यांची सवय कॅसेटीबरोबर गेली. चुडामणची राहिली आणि पोसली गेली. तो मोबाइलच्या चार्जरवर फुंकतो, ट्रॅक्टरच्या किल्लीवर फुंकतो, दवाखान्यात नर्सबाईंच्या हातातला थर्मामीटर घेऊन त्याच्यावर फुंकतो. स्वतःच्या लग्नात त्यानं नवरीला हार घालण्याआधी हारावर फुंकर मारली. रेखावहिनी अजून विचारतात, "हारवर धूळ व्हती, का मन्हावर?"

चुडामण माझा शाळेपासूनचा मित्र. शहाद्याच्या बाहेर त्याची केळीची आणि पपईची बाग आहे, विहिरीला पाणी आहे, पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे सुखानं झोपायला काही हरकत नाही. पण या माणसाचं कुठल्याच कंपनीशी पटत नाही. कुठलीही वस्तू घरी आली की ती बनवणाऱ्यानं कुठं चूक केली ते तो आधी शोधतो, आणि मग दुरुस्त करतो. नव्या ट्रॅक्टरची गादी काढून त्यानं तिथं बाजेसारखी सुतळी विणून घेतली. मोटरसायकलचा हॉर्न काढून सायकलची घंटी बसवली. "हॉर्न म्हणजे शिवी देनं," तो म्हणतो. "घंटी म्हणजे इचारनं." ट्रकच्या मागं हा घंटी वाजवत विचारत असतो आणि ट्रकवाला काही उत्तर देत नाही. रेखावहिनी त्या गाडीवर बसत नाहीत. त्या एसटीनं जातात.

आता माझी ओळख. मी योगेश, चुडामणसाठी योग्या. मार्केट यार्डात खताच्या एजन्सीत कॉम्प्युटरवर बिलं करतो. आमच्याकडे अशी समजूत आहे की कॉम्प्युटरवर बिलं करणारा माणूस मनात आणलं तर रॉकेटही सोडू शकतो. चुडामण त्या समजुतीचा अध्यक्ष आहे. आमच्यातला तिसरा दिलवर पावरा. तोरणमाळच्या पायथ्याकडच्या पाड्यावरचा. शिकायला शहाद्याच्या होस्टेलला होता तेव्हापासून आमचा. आता त्याच्याच बाजूच्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत गुरुजी आहे. दिलवर कमी बोलतो, आणि बोलतो ते शाळेतलं स्वच्छ मराठी. आम्ही दोघं अहिराणीत भांडत असलो की तो मध्ये बसून शेंगा सोलतो.

आम्हा तिघांना एकत्र आणलं ते एका कॅसेटनं. एसटी स्टँडमागच्या गल्लीत एक पानटपरी होती, आणि टपरीच्या मागं एक खोली. खोलीत एक टीव्ही, एक गेम, एक बाक. टपरीवाल्याला आम्ही शेठ म्हणायचो. खोलीला खिडकी नव्हती, पंखा होता पण तो फिरताना कोणी पाहिला नव्हता, आणि पडद्यावर उजेड पडू नये म्हणून ट्यूब कायम बंद. शेठ पुढं पान लावत बसायचा, आम्ही मागं अंधारात.

त्या कॅसेटीवर कसल्या तरी परदेशी अक्षरांत नाव होतं. ते कोणाला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही तिला 'टोपलीवाले' म्हणायचो. दोन माणसं, एक लाल, एक निळा, दोघांच्या पाठीवर टोपली. समोर डोंगर. गंमत अशी होती की एकट्याला तो डोंगर चढताच यायचा नाही. जागोजागी उंच खडक असायचे. तिथं एकानं खाली बसायचं, दुसऱ्यानं त्याच्या खांद्यावर पाय देऊन वर जायचं, आणि वरून दोर टाकून खालच्याला ओढून घ्यायचं. दोन जण खेळायचे, तिसरा बघायचा, आणि पाळी बदलत राहायची. दिलवरला तो डोंगर बघून पहिल्याच दिवशी त्याच्या घराकडचा घाट आठवला होता. "आमच्याकडे पण असंच चढतात," तो म्हणाला होता.

पण त्या डोंगराच्या टोकावर काय आहे ते आम्हाला कधी दिसलं नाही. टोक जवळ आलं, ढग लागले, एक-दोन खडक राहिले, की लाईट जायची. हमखास! तेव्हा शहाद्यात लाईट जायला कारण लागत नसे, त्यामुळे आम्ही अंधारात बसून लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. मग तर्क चालायचे. दिलवर म्हणायचा, वर तलाव असेल आणि बाजार भरला असेल. मी म्हणायचो, हेलिकॉप्टर असेल. चुडामण काहीच म्हणायचा नाही. "लाईट ऊनी की देखसूत," एवढंच. लाईट आली हे सगळ्यात आधी कळायचं तेही त्यालाच. पण तोवर गेम पहिल्या पायरीवर आलेली असायची आणि आमची वेळ संपलेली. पुढं शेठनं टपरी विकली, तिथं मोबाइलचं दुकान झालं, आणि ती कॅसेट कुठं गेली देव जाणे.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी चुडामणनं आम्हाला बागेत जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा. आम्ही ढेकर दिल्यावर तो उभा राहिला आणि सभेत बोलावं तसा म्हणाला, "आपले टोपलीवाले बनाडना शेतस."

"म्हणजे?"

"म्हणजे गेम. तीच. नवी. आपण."

"चुडा, वेडा व्हयना का तू? आपली उमर काय, आपलं काम काय!"

"उमरनं काय लोनचं घालनं शे? तू कॉम्प्युटर कर, दिलवर चित्रं काढी, मी डोकं लावसू."

डोकं लावणं हे काम त्यानं स्वतःकडे ठेवलं, यात आम्हाला नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं की आम्ही दोघं हो म्हणालो. भरीत चांगलं झालं होतं, दुसरं काय!

मग दर रविवारची बैठक सुरू झाली, आणि बैठकीत काय व्हायचं ते सांगतो. पहिले कित्येक रविवार आम्ही निळ्या माणसाच्या टोपीला गोंडा असावा की नसावा यावर घालवले. चुडामण म्हणे होता, मी म्हणे नव्हता. एका रविवारी हा वाद इतका पेटला की रेखावहिनींनी येऊन पातेलं उचलून नेलं. "गोंडा सापडना की जेवी ल्या," म्हणाल्या. आम्ही लगेच गोंडा मान्य केला.

दिलवरचं काम खरं सुरेख. त्यानं आलेखाच्या कागदावर चौकटी भरून भरून माणसं काढली. चौकट चौकट रंगवली की पडद्यावर तशीच दिसते. त्याच्या शाळेतली पोरंही रंगवायला बसायची. माझं काम मात्र विचारू नका. मी यूट्यूबवर बघून बघून गेम बनवायचं शिकत होतो, आणि माझा लाल माणूस जन्मला तो उलटा चालत. सरळ केला तर डोंगरातून आरपार खाली पडायला लागला. एक महिनाभर तो नुसता पडतच होता. चुडामणनं ते बघितलं, लॅपटॉपवर दमदार फुंकर मारली आणि म्हणाला, "आते चालाव." अगदी खरं सांगतो, चालला नाही.

असं पडायला लागलं की माणसाचं मन उडतं. उन्हाळ्यात खताचा हंगाम म्हणून मी येईना. पावसाळ्यात रस्ता वाहून गेला म्हणून दिलवर येईना. हिवाळ्यात काहीच कारण नव्हतं, तरी दोघं येईनात. चुडामण मात्र मागं हटणारा नव्हता. तो रोज सकाळी मोबाइलवर आवाजी निरोप धाडायचा, "उठा रे भो, डोंगर वाट देखी ऱ्हायना!" मागं कोंबडा आरवत असायचा. मी मोबाइलचा आवाज बंद ठेवायला लागलो, तर तो घंटी वाजवत यार्डात हजर. माझ्या मालकासमोर म्हणायचा, "याले रविवारी सुट्टी शे ना? मग काबरं येत नही हा?"

शेवटी त्यानं नवस केला. पहिला टप्पा पुरा होईपर्यंत शेव खाणार नाही. बाहेरच्या वाचकाला यातलं गांभीर्य कळायचं नाही. खानदेशात शेवभाजी सोडणं म्हणजे अर्धा संन्यास आहे. रेखावहिनी मुद्दाम रविवारी शेवभाजी करायच्या, आणि हा ताटाला नमस्कार करून फक्त रस्सा ओरपायचा. वहिनी म्हणाल्या, "या मानूसले देव बी घाबरी ऱ्हायना व्हई." आम्हाला त्याचं ते नुसत्या रश्शाचं ताट बघवेना, म्हणून पहिला टप्पा पुरा केला. खोटं कशाला बोलू, त्यात कलेची वगैरे ओढ नव्हती, त्या शेवेची होती.

आणि नेमकं तेव्हा, जरा कुठं गाडी चालायला लागली होती तेव्हा, त्याच्या पोरानं पुण्याहून एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "पप्पा, हे ऑलरेडी कोणीतरी करून ठेवलंय."

खरंच करून ठेवलं होतं. आमचीच गेम, कुठल्या तरी देशातल्या लोकांनी नव्यानं केलेली. फुकट. ढग हलत होते, गवत हलत होतं, टोपलीतली फळंसुद्धा हलत होती. आमच्या लाल माणसाचा अजून गुडघा वाकत नव्हता. मी आणि दिलवर एकमेकांकडे बघत बसलो. तीन वर्षं आपण काय केलं?

"चला, सुटलो," मी म्हणालो. "झालेलीच आहे तर आपण कशाला मरायचं? निदान टोकावर काय आहे ते तरी बघू. थांब, शेवटचा व्हिडिओ पण आहे."

चुडामणनं माझ्या हातातून मोबाइल हिसकावला. इतक्या वर्षांत मी त्याला कंपन्यांवर चिडलेला पाहिला होता, आमच्यावर कधी नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"देखानं नही!" तो ओरडला. "बिलकुल देखानं नही! त्यासनी गेम त्यासनी, आपली गेम आपली!"

"अरे पण झालेली गेम परत करायची म्हणजे—"

"तुन्हा बापनी भाकरी खादी व्हती, म्हनीसन तू उपाशी ऱ्हास का? आपली भाकरी आपण भाजनी पडस."

दिलवर पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. मी मात्र घरी येताना मनात म्हणालो की याला हेवा वाटला, बाकी काही नाही. दुसऱ्यानं आपल्याआधी केलं हे त्याला सोसत नाही.

त्यानंतर चुडामणनं जे केलं ते ऐकून मी डोक्याला हात लावला. तो आम्हाला न विचारता दिलवरच्या शाळेत गेला आणि सगळ्या पोरांसमोर सांगून आला, की तुम्ही रंगवलेली माणसं भोंगऱ्याच्या आठवड्यात डोंगर चढणार. तुम्हीच चढवायची. भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीचे बाजार. त्या दिवसांत कामाला गुजरातेत गेलेली माणसं पाड्यावर परत येतात, ढोल निघतात. म्हणजे नुसती पोरं नाहीत, पोरांचे आईबापही बघायला येणार. दिलवरनं मला फोन केला. एरवी त्याचा आवाज चढत नाही.

"योगेश, पोरं रोज विचारतात. घरी सांगून बसलीत. आता झालं नाही तर मी वर्गात कसा उभा राहू?"

शब्द चुडामणनं दिला होता आणि इज्जत दिलवरची पणाला लागली होती. मी चुडामणला फोन करून मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "व्हयनं का? मंग ये आते. चहा मांडस."

मग काय करता! बसलो. रोज संध्याकाळी कामावरून सुटलं की बागेतल्या पंपाच्या खोलीत. राग आला की माणसाचं काम भराभर होतं हे मला त्या दिवसांत कळलं. माझा लाल माणूस पडायचा थांबला. गुडघा वाकला. खांद्यावर पाय देणं जमलं, मग दोर टाकणं जमलं. ज्या दिवशी निळ्यानं लाल्याला पहिल्यांदा वर ओढून घेतलं, त्या दिवशी मी खुर्चीवरून उडालो आणि पंपाच्या पाइपला डोकं आपटून घेतलं. चुडामणनं माझ्या टेंगळावर फुंकर मारली.

सगळा डोंगर झाला. राहिलं फक्त टोक.

होळी तोंडावर आली होती आणि टोकावर काय ठेवायचं ते ठरेना. मी हेलिकॉप्टर म्हटलं, दिलवर तलाव म्हणाला. चुडामण म्हणाला, "ठेवसूत काहीतरी. भांडू नका." एका दुपारी तो मोटर चालू करायला विहिरीकडे गेला. दिलवर शाळेतून सुट्टी घेऊन आला होता. मी म्हटलं, "बस झालं. त्या लोकांनी टोकावर काय ठेवलंय ते बघू आणि तेच करून मोकळे होऊ." दिलवर आधी नको म्हणाला. मग तोही खुर्ची ओढून जवळ आला. आम्ही ती लिंक काढली आणि शेवटचा व्हिडिओ लावला.

कोणीतरी दोन जण खेळत होते. लाल आणि निळा शेवटचा खडक चढले. निळ्यानं दोर टाकला, लाल्याला ओढून घेतलं. ढग बाजूला झाले. टोकावर एक सिंहासन होतं. एकच! आणि मग पडद्यावर दोघांच्या डोक्यांवर दोन बाण आले, एकमेकांकडे रोखलेले. लाल्यानं निळ्याला ढकललं. निळा खाली पडला. पडताना अख्खा डोंगर परत दिसला, प्रत्येक खडक, जिथं जिथं त्यानं खांदा दिला होता तो. टोपली उलटी होऊन फळं उधळली. लाल सिंहासनावर बसला आणि वर फुलं पडली.

दिलवर हळूच म्हणाला, "असं होतं? आपल्या गेममध्ये असं होतं?"

"असंच व्हतं," मागून आवाज आला. चुडामण दारात उभा होता. पाय चिखलानं भरले होते. "जुनी कॅसेटमा बी असंच व्हतं."

"तुला काय माहीत?" मी म्हटलं. "आपण कधी पाहिलं?"

तो आत आला, खतांच्या गोणीवर बसला. "मी देखेल शे," म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. आम्ही सातवीत होतो ते वर्ष. होळीला दिलवर त्याच्या पाड्यावर गेला होता, मी मामाकडे. चुडामणची आई त्या पावसाळ्यात वारली होती. ती गेल्यावरची पहिलीच होळी, त्यामुळे घरात सण नव्हता. नुसते पाहुणे येत होते, बसत होते, डोळे पुसून जात होते. चुडामण तिथून निघाला आणि शेठच्या खोलीत जाऊन बसला. खेळायला दुसरं कोणी नव्हतं.

"एकट्याला तर चढताच येत नाही," दिलवर म्हणाला.

"एक रिमोट हातमा धरा," चुडामण म्हणाला, "दुसरा पायना आंगठाखाले."

हाताचा माणूस आणि पायाचा माणूस, असे दोघं त्यानं दिवसभर चढवले. आणि टोकावर गेल्यावर ते सिंहासन, ते बाण.

"मग? कोणाला ढकललं?"

"कोनलेच नही." तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "खाले बसानं बटन व्हतं ना, ते दाबं. दोन्हीसले बसाडी दिधं. बसी ऱ्हायनूत. शेठ उठाडाले ऊना तोपर्यंत."

माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. "एक मिनिट. तुला टोक माहीत होतं, तर मग आम्ही टोकाजवळ आलो की..."

"टीव्हीना बटनना बोर्ड जमिनवर व्हता," चुडामण म्हणाला. "बाकना पायना जोडे."

"चुडाऽ!"

"टोक जवळ ऊनं की मी रिमोट तुमले देऊ. मी मांगे बसू. मंग पायना आंगठाघाई बटन दाबी देऊ."

मी उभा राहिलो. "हरामखोरा! इतकी वर्षं! अरे त्या लाईटवाल्यांना काय काय बोललो मी! माझ्या पोरांना गोष्ट सांगितली की आमच्या लहानपणी लाईट कशी नेमकी जायची! सगळ्या गावाची लाईट चालू होती आणि आम्ही तिघं अंधारात!"

"तू पंखाकडे देखता तर कळतं तुले."

"पंखा कधी फिरला तिथं?"

"मंग मी काय करू?" चुडामणही आता उठला. आवाज चढला. "तुम्ही दोन्ही खेळतात, तू याले ढकलतास नहीतर हाऊ तुले ढकलता! तू तर गोट्यासमा हारना तरी आठ दिन बोलत नव्हता! मंग दुसरा दिन कोन येता? माले घरमा बोलाले कोन व्हतं? तुम्ही दोन व्हतात!"

दिलवरनं शेंगांचा पुडा खाली ठेवला. माझा राग कुठं गेला ते मला कळलंही नाही. मला एकदम रडू आलं आणि मी लॅपटॉपवर वाकलो.

"कंपनीनी चूक शे ती," चुडामण जरा वेळानं म्हणाला. आवाज अजून चढलेलाच होता. "इतला डोंगर दोन्हीसघाई चढाडतस, आनि वर एकच खुर्ची ठेवतस! कोनी सांगं त्यासले? सुधारनी शे. म्हनीसन तर बनाडी ऱ्हायनूत."

टोक आम्ही त्याच दिवशी केलं. सिंहासन नाही, बाण नाहीत. दिलवरनं सपाट दगडांची एक रांग काढली आणि मागं थोडंसं पाणी.

भोंगऱ्याच्या आठवड्यात चुडामणच्या पिकअपमध्ये पपयांच्या जागी टीव्ही घालून आम्ही पाड्यावर गेलो. बरोबर ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर. "आज लाईट जानार नही," चुडामण म्हणाला. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

शाळेचा व्हरांडा भरून गेला होता. पोरं पुढं, बाया आणि बाप्ये मागं, म्हातारे भिंतीला टेकून. पोरांना आपापली रंगवलेली चौकट न् चौकट ओळखू येत होती. "हा माझा हात! हे माझं डोकं!" असा गलका चालला होता. लाल माणूस दोनदा डोंगरात अडकला आणि मला घाम फुटला. दिलवरनं पोरांना सांगितलं की घाटात असं होतंच, आणि पोरांना ते पटलं.

शेवटी दोन मुली टोकावर पोचल्या. एकीनं दुसरीला दोरानं ओढून घेतलं. लाल आणि निळा त्या सपाट दगडांवर जाऊन शेजारी शेजारी बसले. टोपल्या उतरवून खाली ठेवल्या. पाणी हललं. पुढं काहीच झालं नाही, कारण पुढं काही नव्हतंच.

शेजारच्या पाड्यावरचे एक तरुण गुरुजी बघायला आले होते. ते म्हणाले, "छान आहे. पण जिंकलं कोण?"

"पोचनात ना दोन्ही," चुडामण म्हणाला. "आनखी काय पाहिजे तुमले?"

"नाही, पण शेवट काहीतरी..."

"हाऊच शेवट शे," चुडामण त्यांच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमले पटत नशीन तर दुसरा डोंगर चढा."

गुरुजी हसले. त्या दोघी मुली मात्र रिमोट सोडायला तयार नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत बसून होत्या. मागच्या पोरांनी आमची पाळी, आमची पाळी असा कालवा केला, तेव्हा एक म्हणाली, "थांबा की. आत्ताच बसलेत ते."

मी आणि दिलवर व्हरांड्याच्या कडेला एका लहानशा बाकावर बसलो होतो, पहिलीतल्या पोरांच्या मापाचा. चुडामण सगळा वेळ टीव्हीच्या वायरीजवळ पहारा देत उभा होता, कोणाचा पाय लागू नये म्हणून. मुलीचं ते बोलणं ऐकलं आणि तो तिथून निघाला. आमच्यापाशी येऊन उभा राहिला. डोळे भरलेले होते आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही.

"सरका," तो म्हणाला.

"अरे, जागा कुठं आहे?" दिलवर म्हणाला. "मोडेल हा बाक."

"मोडू दे. नवा आनी दिसू. सरक."

आम्ही सरकलो.